सोय कुणाची?

मराठीत काही गावांची नावं शिवीसारखी वापरली जातात. मुंबईच्या बाजूला कुणी जरा विचित्र वागलं की 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणतात. पुण्यात येरवडा. नागपुरात तर 'पागलखाना चौक' नावाचा चौकच आहे आणि रिक्षावाल्याला आजही तेच नाव सांगितलेलं लवकर कळतं. कोकणात हा मान रत्नागिरीकडे जातो. उत्तरेत हीच कामगिरी आग्रा आणि रांची ही शहरं करतात.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चारही ठिकाणी राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, म्हणून ही नावं आपल्या तोंडी बसली. पण त्या वाक्यांकडे नीट बघा. त्यांत माणसाला काय झालंय याबद्दल अक्षरही नाही. त्याला कुठे पाठवायचं, एवढंच आहे. मानसिक आजाराचा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीपासून जागेचा प्रश्न आहे. हा माणूस कुठे राहणार? कुणाबरोबर? किती दिवस?

हा प्रश्न मी अभ्यास म्हणून वाचायला घेतलेला नाही. माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे. बाविसाव्या वर्षी, डिप्लोमा करताना, त्याला आवाज ऐकू यायला लागले. आज तो छप्पन्न वर्षांचा आहे. दर महिन्याला इंजेक्शन घेतो, सकाळी पाचला उठून सगळ्यांचा चहा करतो आणि रोज संध्याकाळी मिरज स्टेशनवर जाऊन बसतो. कुठली गाडी किती उशिरा आहे हे त्याला मोबाईलच्या आधी कळतं. तो आजीबरोबर राहतो. आजी एक्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या वर्षी ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि जे वाक्य आमच्या घरात तीस वर्षं कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं ते आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी टाइप केलं : 'आता ह्याची काहीतरी सोय लावायला हवी.'

सोय लावणे. लेकीचं लग्न राहिलं असेल, म्हातारी गाय असेल किंवा आजारी भाऊ असेल, आपण तिघांसाठीही हाच शब्द वापरतो. सोय कुणाची, राहणाऱ्याची की ठेवणाऱ्याची, हे मात्र तो शब्द सांगत नाही. म्हणून मी मागे जाऊन बघायचं ठरवलं. अशा माणसांची सोय याआधी कुणी, कुठे आणि कशी लावली? त्यातून कुणाचं बरं झालं?

भिंतीच्या आत

इंग्रजीतल्या 'असायलम' या शब्दाचा मूळ अर्थ आश्रय. १७९६ साली विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्यानं इंग्लंडमधल्या यॉर्कला 'रिट्रीट' नावाचं घर सुरू केलं तेव्हा त्याच्या मनात हाच अर्थ होता. त्याच गावातल्या जुन्या असायलममध्ये हॅना मिल्स नावाची एक क्वेकर बाई काही आठवड्यांतच मरण पावली होती. भेटायला आलेल्या ओळखीच्या लोकांना आत सोडलं गेलं नव्हतं. ट्यूकच्या घरात साखळदंड नव्हते. बाग होती, काम होतं, एकत्र चहा होता. माणसाला माणसासारखं वागवलं तर तो बऱ्याच अंशी तसा वागतो, ही कल्पना तिथून युरोपभर गेली.

ती हिंदुस्थानात पोचेपर्यंत तिच्यातला चहा गळून पडला होता आणि भिंत शिल्लक राहिली होती. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून असायलम होतं. १८५७ च्या उठावानंतर राज्यकारभार कंपनीकडून राणीकडे गेला आणि १८५८ मध्येच वेड्यांबद्दलचे कायदे झाले. त्यातल्या छत्तिसाव्या कायद्यानं पोलिसांना अधिकार दिला : रस्त्यावर भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा 'लुनॅटिक' दिसला की त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. मॅजिस्ट्रेट डॉक्टरला विचारून त्याला असायलममध्ये धाडणार. म्हणजे आत जाण्याची वाट दवाखान्यातून जाण्याऐवजी पोलीस चौकीतून जायची. घरच्यांनी सांभाळलेला, ओसरीवर बसून राहणारा माणूस या कायद्याच्या नजरेत फारसा नव्हताच. नजर रस्त्यावर होती.

कुलाब्याची जागा अपुरी पडू लागली. ठाण्याला नौपाड्यात नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून मोठं असायलम उभं राहिलं आणि १९०१ मध्ये ते सुरू झालं. त्या काळात ही जागा शहराच्या अगदी बाहेर होती. बहुतेक असायलमं अशीच गावाबाहेर, ऐसपैस आवारात, शेती-विहिरीसकट बांधली जात. आज त्यांच्या चारी बाजूंनी शहर वाढलंय आणि मधली जमीन भलतीच महाग झालीय, तो भाग वेगळा.

१९१२ चा लुनसी कायदा आला. १९२० च्या दशकात 'असायलम'ची 'मेंटल हॉस्पिटल' झाली. पाटी बदलली, भिंत तीच राहिली. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीनं मोजदाद केली तेव्हा अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात मनोरुग्णालयांत सुमारे दहा हजार खाटा होत्या. साधारण चाळीस हजार माणसांमागे एक.

हा आकडा वाचून मी थांबले, कारण तो दोन गोष्टी सांगतो. सोयी फार अपुऱ्या होत्या, ही पहिली आणि नेहमी सांगितली जाणारी. दुसरी अशी की आपल्याकडे गंभीर मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं असायलममध्ये कधी राहिलीच नाहीत. ती घरात राहिली. माजघरात, गोठ्याशेजारच्या खोलीत, माळ्यावर, देवळाच्या धर्मशाळेत, नाहीतर रस्त्यावर. 'ठाण्याला पाठवा' हे वाक्य कितीही वेळा म्हटलं गेलं असलं तरी ठाण्याला गेले थोडे. उरलेल्यांचा इतिहास कुणा आईच्या नाहीतर वहिनीच्या डोक्यात होता आणि तो तिच्याबरोबर गेला.

एका गावानं काय केलं

बेल्जियममधल्या खील या गावाची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती कुणीतरी रचलेली वाटली होती. दंतकथेनं सुरू होते म्हणूनही असेल. डिम्फ्ना नावाची आयरिश राजकन्या वेड्या झालेल्या बापापासून पळून खीलला आली. बापानं तिला तिथे गाठून तिचा शिरच्छेद केला. पुढे ती मानसिक रुग्णांची संत मानली जाऊ लागली आणि तिच्या चर्चमध्ये लोक आपली आजारी माणसं घेऊन येऊ लागले. चर्चला लागून पंधराव्या शतकात आजाऱ्यांसाठी खोल्याही बांधल्या. त्या पुरेनात. मग गावकऱ्यांनी आलेल्यांना आपल्या घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला परकी नाही. गाणगापूर, मीरा दातार, कितीतरी दर्गे आणि महानुभावांची मंदिरं इथे हेच घडत आलंय. फरक त्यापुढे आहे. खीलमध्ये आलेली माणसं परत गेलीच नाहीत. ती त्या त्या घरची झाली. शेतात काम करायची, पोरं सांभाळायची, जेवायला घरच्यांच्याच टेबलावर बसायची. त्यांना 'रुग्ण' न म्हणता 'बोर्डर' म्हणायची पद्धत पडली. एका घरात बोर्डर पन्नास-पन्नास वर्षं राहिल्याची उदाहरणं आहेत. आईवडील गेले की मुलगा किंवा सून त्याला पुढे सांभाळायची. घरच्यांना त्याच्या आजाराचं नावही बहुतेकदा सांगितलं जात नसे. त्याला काय आवडतं, तो कशानं बिथरतो, एवढं त्यांना माहीत असलं की पुरे.

खीलवाले संत होते असं समजू नका. बोर्डर ठेवण्याचे पैसे मिळत. शेतीला हात मिळत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, १८५० पासून, सरकारनं ही व्यवस्था ताब्यात घेतली, डॉक्टर नेमले, १८६२ मध्ये गावात छोटं रुग्णालयही काढलं. बोर्डरची तब्येत बिघडली तर त्याला काही दिवस तिथे न्यायचं आणि मग परत घरी आणायचं. भलेपणा, पैसा आणि पाठीशी उभा असलेला दवाखाना, या तिघांवर ती व्यवस्था चालली. १९३० च्या दशकाच्या शेवटी साडेतीन हजारांहून जास्त बोर्डर खीलमध्ये राहत होते आणि गावाची वस्ती होती सोळा हजारांच्या आसपास. आता संख्या फार घटलीय. शेती कमी झाली, बाया नोकरीला जाऊ लागल्या, नवी औषधं आणि वेगळ्या सोयी आल्या. पण व्यवस्था अजून चालू आहे.

खीलबद्दल वाचताना मला सारखं मिरज स्टेशन आठवत होतं. तिथल्या चहावाल्याला मामाच्या आजाराचं नाव माहीत नाही. मामा दोन दिवस दिसला नाही तर तो आजीकडे निरोप पाठवतो.

अमृतसरचे तंबू

आपल्या देशात घरच्यांना रुग्णालयाच्या फाटकाच्या आत आणणारा पहिला मोठा प्रयोग अमृतसरला झाला. या रुग्णालयाचं नाव फाळणीशी जोडलेलं आहे. १९५० मध्ये लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण इकडे आणि इकडचे मुसलमान रुग्ण तिकडे, अशी खरोखरची अदलाबदल झाली. मंटोच्या 'टोबा टेक सिंह' या कथेमुळे ती आपल्याला माहीत असते.

त्याच दशकात तिथले डॉ. विद्यासागर यांनी एक साधी गोष्ट केली. रुग्णाला आणून सोडणाऱ्या नातेवाइकांना ते म्हणाले, जाऊ नका, थांबा. राहायला जागा नव्हती, म्हणून रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले. आई, भाऊ, बायको तिथे राहिले. त्यांनी आजार जवळून पाहिला, औषधं कशी द्यायची ते शिकले, इतर कुटुंबांशी बोलले. माणसं लवकर बरी होऊन घरी जाऊ लागली आणि घरी गेल्यावर टिकूही लागली. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार केंद्रात रुग्णाबरोबर घरच्यांनी राहायचं, असा रिवाजच झाला. पाश्चात्त्य डॉक्टर तेव्हा कुटुंबालाच आजाराचं कारण मानत होते. आपल्याकडे कुटुंब उपचाराचा भाग झालं.

मला याचा अभिमान वाटला, आणि लगेच एक शंकाही आली. तंबूत कोण राहत होतं? १९८७ मध्ये विएदा स्कल्टान्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरावरचा अभ्यास छापला. घरातल्या आजारी माणसाला घेऊन कुटुंबं तिथे दिवसेंदिवस मुक्कामाला असत. स्कल्टान्स यांना दिसलं की आजारी माणसाबरोबर आलेल्या बायकांच्याच अंगात येत होतं. घरच्याची पीडा आपल्यावर यावी, तो सुटावा, असं मागणाऱ्या त्या बाया होत्या.

कुटुंब सांभाळतं, असं आपण म्हणतो तेव्हा त्या 'कुटुंबा'ला बहुतेक वेळा एक नाव असतं. आमच्याकडे ते आजीचं आहे. तीस वर्षांत तिनं एकही लग्न मुक्कामाला राहून खाल्लेलं नाही.

आठवड्याचे पस्तीस तास

मग माझ्या हातात लंडनचा एक जुना अभ्यास लागला आणि आमच्या घरातला वाद मला वेगळाच दिसायला लागला.

१९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन हा समाजशास्त्रज्ञ रुग्णालयातून घरी गेलेल्या पुरुषांचं पुढे काय होतं ते पाहत होता. अपेक्षा अशी की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले सगळ्यात बरे राहतील. निघालं उलट. भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले किंवा भावाबहिणींकडे गेलेले लोक जास्त टिकले. आईकडे गेलेल्यांतही आई किंवा मुलगा कामासाठी घराबाहेर पडत असेल तर धोका कमी होता.

ब्राउन आणि त्याच्यानंतरचे संशोधक याच्या मुळाशी गेले. घरच्यांचं प्रेम कमी पडत नव्हतं. सतत टोकणं, राग, आणि दुसऱ्या टोकाला जीव टाकून केलेली अतिकाळजी, या वातावरणात आजार उलटत होता. १९७६ मध्ये व्हॉन आणि लेफ यांनी तर तासांचा हिशोब मांडला. अशा ताणाच्या घरात आठवड्याला पस्तीस तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर काढणाऱ्यांना धोका सगळ्यात अधिक. पस्तीस तास म्हणजे रोजचे पाच. वन बीएचकेमध्ये हा आकडा दुपारपर्यंत संपतो.

मग हाच अभ्यास चंदीगडला झाला. १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले. लंडनमध्ये निम्म्याच्या आसपास कुटुंबं या 'ताणाच्या' गटात होती, चंदीगड परिसरात चौथ्या हिश्श्याहूनही कमी. आपल्याकडची माणसं जास्त सोशिक म्हणा, किंवा घर मोठं, माणसं जास्त, त्यामुळे एकावर एकाचा भार कमी, असं म्हणा. पण तो काळ १९८० च्या आसपासचा. तेव्हाच्या वाड्यात एक बिनकामाचा काका सामावून जायचा. आज आई-बाबा पुण्यात सातव्या मजल्यावर राहतात. 'आमच्याकडे आणू त्याला' असं आई रडत म्हणाली तेव्हा बाबा गप्प बसले होते. मला त्यांचा राग आला होता. ब्राउन वाचल्यावर वाटलं, मामालाही तिथे नेऊन आपण काय देणार होतो? हॉलमधला सोफा, खाली गेटवर नाव लिहून घेणारा वॉचमन, आणि दिवसभर त्याच्याकडे बघत बसलेली माझी आई.

दारं उघडल्यावर

कुटुंब नको तर संस्था, आणि संस्था नको तर मोकळीक. ही वाट अमेरिकेनं चालून पाहिली आहे. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं. १९६३ मध्ये केनेडींनी सामुदायिक केंद्रांच्या कायद्यावर सही केली. पंधरा-वीस वर्षांत बहुतेक खाटा रिकाम्या झाल्या. पण ठरवलेल्या दीड हजार केंद्रांपैकी निम्मीच उभी राहिली. माणसं बाहेर आली ती स्वस्त लॉजमध्ये, फूटपाथवर, आणि पुढे तुरुंगात. तिथे रुग्णालय बंद करण्याचा निर्णय झाला होता. माणूस रात्री कुठे झोपणार, याचा निर्णय कुणी केलाच नव्हता.

इटलीतल्या त्रिएस्तेला फ्रांको बासाल्यानं हे दोन्ही निर्णय एकत्र केले. १९७१ मध्ये तो तिथल्या मनोरुग्णालयाचा संचालक झाला तेव्हा आत सुमारे बाराशे माणसं होती. त्यानं वॉर्डांची दारं उघडली. 'उपचार' म्हणून फुकट राबणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था काढून त्यांना रीतसर मजुरी मिळवून दिली. ज्यांना जायला घर नव्हतं त्यांच्यासाठी फ्लॅट केले, चार-पाच जणांनी मिळून राहायचे. १९७३ मध्ये रुग्णांनी आणि कलाकारांनी मिळून एक प्रचंड निळा घोडा बनवला, मार्को काव्हालो. तो शहरात न्यायचा होता, पण फाटकातून मावेना. शेवटी वाट फोडून तो बाहेर काढला आणि मागून रुग्णांची मिरवणूक निघाली. मे १९७८ मध्ये इटलीनं कायदा करून मनोरुग्णालयांत नवी भरती बंद केली.

एरवाडीची पहाट

आपल्याकडे हा प्रश्न देशासमोर आला तो आगीमुळे. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीचा दर्गा आहे. तिथे मानसिक आजार बरे होतात, अशी श्रद्धा. दर्ग्याभोवती खासगी 'होम' उगवली होती. नातेवाईक माणूस आणून सोडायचे, पैसे द्यायचे आणि परत जायचे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका झोपडीवजा होमला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. अठ्ठावीस जण गेले.

सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तपासण्या झाल्या, अशी होम बंद झाली. मला त्यातली एक गोष्ट सोडत नाही. या अठ्ठावीस जणांचीही कुणीतरी 'सोय लावली' होती. ती माणसं क्रूर असतीलच असं नाही. बहुतेक गरीब होती, दमलेली होती, आणि जवळपास दुसरं काही नव्हतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात या सगळ्याचा धडा उतरलेला दिसतो. कलम १९ वाचनीय आहे. मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असं ते सांगतं. हाफवे होम, ग्रुप होम यांसारख्या सोयी उभ्या करणं ही सरकारची जबाबदारी आहे, असंही त्यात आहे.

कागद आणि जमीन यांतलं अंतर मोजायला लांब जायला नको. बऱ्या झालेल्या माणसांना महाराष्ट्रात वृद्धाश्रमांत आणि भिक्षेकरी गृहांत हलवलं जातंय, हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. २०२१ मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की हे कायद्याच्या विरुद्ध आहे, ताबडतोब थांबवा. एक भिंत ओलांडून दुसऱ्या भिंतीआड.

चार माणसांचं घर

तरी या इतिहासात मला धरून ठेवावं असं काही सापडलं, आणि ते आपल्याच देशात. बंगळुरूला रिचमंड फेलोशिपनं १९८० च्या दशकात हाफवे होम सुरू केलं. तिथे काही काळ राहायचं, कामाची आणि घर चालवण्याची सवय परत लावायची आणि पुढे जायचं. चेन्नईची 'द बॅनियन' ही संस्था १९९३ पासून रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी काम करत होती. बऱ्या झालेल्या काही बायकांना जायला घरच नव्हतं, आणि 'पुढे जा' म्हणायचं तर कुठे? २०१५ मध्ये त्यांनी 'होम अगेन' सुरू केलं. साध्या वस्तीत साधं घर भाड्यानं घ्यायचं, चार-पाच जणींनी एकत्र राहायचं आणि मदतीला एक सेविका. भाजी काय करायची ते राहणाऱ्या ठरवणार. शेजारी भांडले तर भांडणही यांचंच. हे काम पुढे रत्नागिरीपर्यंत आलं. तिथल्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं काढलेली माणसं गावातल्या घरांत राहायला गेली.

ज्या गावाचं नाव आपण टोमणा म्हणून वापरतो, त्याच गावात हे घडलंय.

आम्ही काय विचारतो आहोत

गेल्या चार महिन्यांत आई, मावशी आणि मी तीन केंद्रं पाहिली. एक स्वच्छ होतं, पण फाटकाला बाहेरून कुलूप होतं आणि सगळ्यांचे मोबाईल ऑफिसातल्या कपाटात. एकाचा महिन्याचा आकडा आईच्या पेन्शनपेक्षा मोठा होता. तिसरं खरंच बरं होतं, पण तिथून स्टेशन वीस किलोमीटर लांब. जाताना आम्ही एक यादी घेऊन जायचो. ती या वाचनातूनच तयार झाली. कुणाला उपयोगी पडली तर पाहा.

केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? घर सोडून जिथे मानसिक रुग्णांना राहायला ठेवतात अशा प्रत्येक जागेला ती लागते. एरवाडीनंतर हा प्रश्न विचारायला संकोच वाटण्याचं कारण नाही.

बाहेर जायचं असेल तर कुणाला विचारावं लागतं? किल्ली आणि फोन कुणाकडे असतो?

दिवसभर काय करतात? त्या कामाचे पैसे मिळतात का?

आजार उलटला तर कोण धावतं, आणि बरा झाल्यावर तीच खोली परत मिळते का? खीलच्या लोकांना हे दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

हे कायमचं घर आहे की मधला टप्पा? मधला असेल तर पुढे काय?

आणि शेवटचा प्रश्न केंद्राला विचारायचा नसतो. ज्याला राहायचं आहे त्याला कुणी विचारलं का?

मामाला आम्ही विचारलं ते खूप उशिरा, यादीच्या शेवटी. तो म्हणाला, "आई असेपर्यंत मी इथेच. नंतरही इथेच जमतंय का बघा. नाही जमलं तर गाडी जाते तिथे." आईला रडू आलं. मला हे उत्तर अगदी नेमकं वाटलं. त्यात क्रम होता, अट होती आणि दुसरा पर्यायही होता.

सध्या आम्ही एवढं केलंय. मिरजेच्या घरातली खालची खोली एका तरुण जोडप्याला निम्म्या भाड्यात दिली. बदल्यात एक वेळचं जेवण एकत्र आणि रात्री घरात कुणीतरी. त्यांना आजाराबद्दल सांगितलंय, मामाला विचारूनच. सरकारी दवाखान्यातल्या समाजसेविका महिन्यातून एकदा येऊन जातात. २०१७ च्या कायद्यात आपला प्रतिनिधी कोण हे आजारी माणसानं स्वतः ठरवायची सोय आहे. मामानं आईऐवजी मावशीचं नाव लिहिलं. तिसऱ्या केंद्रात, ते लांब असलं तरी, तो आठ दिवस राहूनही आला, म्हणजे वेळ आली तर ती जागा अगदीच अनोळखी नसेल. आणि हे सगळं आजी असतानाच चाललंय. आई जाणं आणि घर सुटणं या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात कुणाच्याच वाट्याला येऊ नयेत.

हे टिकेल का? भाडेकरू बदलतील. भाडं वाढवायची वेळ येईल. एखादा पावसाळा वाईट जाईल आणि मामाला पुन्हा आवाज ऐकू येतील. तेव्हा पुन्हा बसावं लागेल, पुन्हा विचारावं लागेल. खीललाही हे एका दिवसात जमलेलं नाही, आणि एकट्या आजीला तर कुणी कधीच विचारलेलं नव्हतं.

मागच्या महिन्यात माझ्या चुलतभावाचं लग्न होतं, कोल्हापूरला. आजी दोन दिवस मुक्कामाला राहिली.